शहराचा लिथो: दुसरा दगड छापून झाला

लिथोच्या, म्हणजे दगडावर चित्र काढून कागदावर घेतलेल्या छापाच्या, पिवळ्या मातकट थरावर काल निळा-करडा चढला आणि कागदावर शहर दिसू लागलं, एकही इमारत न काढता. १९५०च्या दशकातल्या अमूर्त लिथोंच्या वळणाचं नगरदृश्य करायला घेतल्यापासून मारिया हेलेना व्हिएरा दा सिल्वा सतत डोळ्यांसमोर आहे. १९०८ साली लिस्बनमध्ये जन्मलेली, पॅरिसमध्ये रमलेली ही चित्रकार बारीक चौकटी आणि तिरक्या रेघांच्या जाळ्यातून शहर उभं करते. तिच्याकडून मी एकच गोष्ट घेतली: क्षितिजाची रेषा ठामपणे मारायची नाही. ती आली की वरचं सगळं आकाश होतं, खालचे चौकोन घरं होतात आणि नजरेला फिरायला जागाच उरत नाही.

पहिल्या दगडावर फक्त टुशचे (स्निग्ध, पातळ शाईचे) सपाट तुकडे होते. दुसरा २२० नंबरच्या कार्बोरंडमने (घासायच्या पुडीने; नंबर मोठा तितकी ती बारीक) घोटला, कारण इथे स्निग्ध क्रेयॉनचं काम होतं आणि दगडाच्या पृष्ठभागाचा दाणा बारीक हवा होता. पहिल्या छापावर लाल ऑक्साइडची पूड लावून ती बाह्यरेषा दगडावर उतरवली. लिथोत शाई स्निग्ध खुणांनाच धरते; या पुडीत स्निग्धांश नसल्यामुळे ती छपाईत येत नाही, पण जागा अचूक कळते.

खरी मजा खरवडण्यात आली. क्रेयॉनने गडद भरलेल्या पट्ट्यांतून ब्लेडच्या टोकाने उभ्या-आडव्या रेघा काढल्या. त्या रेघांत खालचा पिवळा उघडा राहतो, आणि तिथेच प्रकाश मिळतो. वरून उजळ रंग लावून हा प्रकाश कधीच आला नसता. खरवडण एचिंगच्या, म्हणजे दगडावर आम्लाचं मिश्रण फिरवण्याच्या, आधीच उरकलं. ब्लेडने उघडा पडलेला दगड पुन्हा शाई धरायला तयार असतो. डिंक आणि नायट्रिक अॅसिडचं मिश्रण त्यावरून फिरलं की तो पाणी धरतो आणि रेघ स्वच्छ राहते. नाजूक करड्या भागांवर जवळजवळ नुसता डिंक, गडद भागांवर कडक मिश्रण.

निळ्यात ट्रान्स्परंट बेस (शाई पारदर्शक करणारं मिश्रण) भरपूर घातला. त्यामुळे पिवळ्यावर तो हिरवट करडा दिसतो, कोऱ्या कागदावर थंड निळा. दोन दगडांत तीन रंग मिळाले.

दगडावरून छाप उलटा येतो हे आपल्याला पाठ असलं, तरी अमूर्त कामात ते जास्त जाणवतं. ओळखीची वस्तू नसल्यामुळे सगळा भार तोलावर असतो. दगडावर डावीकडे झुकलेली गर्दी कागदावर उजवीकडे गेली, आणि चित्र तिथून बाहेर पडू पाहतंय असं वाटतं. रेखाटन करताना आरसा शेजारी ठेवाच.

आता तिसरा दगड. काळ्याचा मोह होतोय, पण काळ्याने जाळी कोरडी पडेल. विटकरी लाल घेतोय, अगदी मोजक्या जागी, कागदाच्या डाव्या अंगाला, म्हणजे उजवीकडचा झोक सावरेल. दाणा १८०चा ठेवणार. ठिपके जरा खरबरीत यायला हवेत.