गेट बंद केलं तर आधी काय करायचं

नाशिककडच्या सातपूर, अंबड किंवा सिन्नरच्या एमआयडीसीत कामगाराला बऱ्याचदा कागद न देताच काढतात. पहिल्या पाळीला गेलं की सिक्युरिटी सांगते, "तुमचं नाव लिस्टमध्ये नाही." मग एचआरचा फोन येतो, "राजीनामा लिहून द्या, लगेच हिशोब करतो." त्या कागदावर सही करू नका. राजीनामा दिला की कायद्याच्या लेखी तुम्हाला कुणी काढलेलंच नसतं, आणि तो दबावाखाली घेतला हे तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. सही होऊन गेली असेल तर ती कशी घेतली हे त्याच दिवशी लेखी कळवा.

राजीनामा मिळाला नाही की मालकाचा दुसरा बचाव ठरलेला असतो, "कामगार न सांगता येणं बंद झाला." म्हणून त्याच दिवशी कंपनीला साधं पत्र लिहा. किती वाजता गेटवर गेलात, कोणी अडवलं, काय सांगितलं आणि आजही कामावर यायला तयार आहात, एवढं पुरे. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोच जपून ठेवा, प्रत ईमेलनेही पाठवा.

पुढचा सगळा वाद 240 दिवसांभोवती फिरतो. काढण्याआधीच्या 12 महिन्यांत तेवढे दिवस भरले असतील, तर कामगार कपात करताना एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार आणि दर वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावीच लागते. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. 18,000 रुपये पगार आणि सहा वर्षं आठ महिने नोकरी असेल, तर 9,000 गुणिले 7, म्हणजे 63,000 रुपये. ही रक्कम कामगाराला काढतानाच द्यायची असते. मागाहून दिलेल्या चेकने ती चूक भरून निघत नाही. ग्रॅच्युइटी वेगळी.

दिवस मोजताना पगारी सुट्ट्या आणि पगारी रविवार धरायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच सांगितलं आहे. पण 240 दिवस भरल्याचा पुरावा कामगारानेच द्यायचा, असं त्याच न्यायालयाचा 2002 चा निकाल सांगतो, आणि इथेच चांगल्या केसेस पडतात. नुसतं प्रतिज्ञापत्र चालत नाही. पीएफचं पासबुक, ईएसआयसीची नोंद, बँक स्टेटमेंट, पगारपत्रकं, पंचिंगचे फोटो, पाळी लावल्याचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, सगळं लगेच डाउनलोड करून ठेवा. कंपनीचा लॉगिन बंद झाला की पगारपत्रकं मिळत नाहीत. हजेरीपट कंपनीकडेच असेल तर तो हजर करायला लावा, असा लेखी अर्ज कोर्टात द्या.

दाद कुठे मागायची हे नीट ठरवा. महाराष्ट्राचा 1971 चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा आहे. सूडाने, खोट्या कारणाने किंवा घाईघाईत चौकशी उरकून काढलं असेल, तर 90 दिवसांत कामगार न्यायालयात थेट तक्रार करता येते आणि निकाल लागेपर्यंतचा अंतरिम आदेशही मागता येतो. दुसरी वाट समेट अधिकाऱ्याकडून, म्हणजे मालक-कामगार वाद मिटवायला बसणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडून जाते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत त्यासाठी दोन वर्षांची मर्यादा आहे, आधी तीन होती. समेट फिसकटल्याचा अहवाल मिळाल्यापासून 90 दिवसांत औद्योगिक न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. एकाच तक्रारीसाठी दोन्ही वाटा धरता येत नाहीत.

कंत्राटी कामगारांनी इथे फार जपावं. मुख्य कंपनी "हा आमचा कामगारच नाही" म्हणाली, तर 1971 च्या कायद्याखालची तक्रार टिकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सिप्ला या औषध कंपनीच्या प्रकरणात तसं ठरवलं. मालक कोण, हा वाद आधी दुसऱ्या वाटेने सोडवून घ्यावा लागतो. तक्रार निकालात निघेपर्यंत वर्षं गेलेली असतात, म्हणून वकिलाला हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

कार्डावर "सुपरवायझर" छापलंय म्हणून घाबरू नका. हुद्दा नव्हे, प्रत्यक्ष काम बघतात. खरोखर देखरेखीचं काम असेल आणि पगार 18,000 च्या वर असेल, तरच तुम्ही संहितेतल्या कामगाराच्या व्याख्येबाहेर जाता.

काढल्यापासूनचा मागचा पगार हवा असेल तर मधल्या काळात दुसरी नोकरी नव्हती हे अर्जात लिहा आणि साक्षीतही सांगा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2013 च्या दीपाली सुरवसे निकालानुसार त्यानंतर उलट सिद्ध करणं मालकाचं काम. आणि केस चालू असताना कंपनीने "या, कामावर घेतो" असं पत्र दिलं, तर जा. हक्क राखून हजर होतोय असं लेखी द्या. नकार दिलात तर त्या तारखेपुढचा पगार बुडू शकतो. गेटवर पुन्हा अडवलं तर त्याच दिवशी दुसरं पत्र टाका.