पिल्लाच्या वहीतले रकाने

कुत्र्याचं नवं पिल्लू घरात असलं की माझ्या रोजनिशीच्या पानाला रकाने पडतात: झोपलं कधी, उठलं कधी, खाल्लं कधी, शू-शी कधी आणि कुठे. त्याचं गोडपण आपोआप लक्षात राहतं, वेळा मात्र राहत नाहीत. दोन-तीन दिवसांच्या नोंदी एकाखाली एक आल्या की ‘हे कुठेही करतं’ ही तक्रार निम्मी विरते, कारण ते कुठेही करत असलं तरी केव्हाही करत नसतं.

उठल्याबरोबर शू. खाल्ल्यावर साधारण ५ ते ३० मिनिटांत शी. खेळता खेळता अचानक थांबून जमीन हुंगत गोल फिरू लागलं, तर हातात काही सेकंदच असतात. वयाचे जितके महिने तितके तास, हा रोखून धरण्याचा ढोबळ हिशोब सांगतात, पण तो वरचा पल्ला आहे आणि मुख्यतः झोपेतला. दोन महिन्यांच्या पिल्लाला जागेपणी दर अर्ध्या-पाऊण तासाने न्यावं. दर वेळी तीच जागा, गळ्यात पट्टा, आपण गप्प उभं. झालं की बक्षीस तिथेच, त्याच क्षणी. घरात येऊन खाऊ दिला तर त्याच्या लेखी तो घरात येण्याचा खाऊ होतो. शू झाल्या झाल्या आत आणणंही चुकीचं. बाहेरची मजा शू केल्याने संपते हे पिल्लू झटकन शिकतं आणि मग धरून ठेवतं. थोडं खेळू द्यावं.

घरात झालं तर ओरडू नये. ओरडल्याने ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, आणि सोफ्यामागची जागा शोधतं. पुसायला एन्झाइमचा, म्हणजे वासाचे घटकच मोडून टाकणारा, क्लीनर घ्यावा. सुवासिक द्रव आपल्या नाकाला फसवतो, त्याच्या नाही; अमोनियाचा तर मुळीच नको, त्याचा वास मुताशी जुळतो. वहीत थेंबथेंब शू वारंवार दिसू लागली तर तो शिकवणीचा प्रश्न नाही, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो. डॉक्टरांना दाखवावं.

झोपेचा रकाना लोक गाळतात. मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो. पिल्लाला दिवसाकाठी १८ ते २० तास झोप लागते. संध्याकाळी वेड्यासारखं धावून घोटे चावणारं पिल्लू बहुतेकदा थकलेलं असतं, आणि घरचे त्याला ‘दमवायला’ आणखी खेळवतात. मागे पाहिलं तर ते दीड-दोन तास सलग जागं असतं. तासभर जागं राहिलं की शू करवून शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात झोपवावं. दात लागला तर हात झटकू नये, हलती वस्तू पकडायला त्याला आवडतं. हात सैल सोडावा, खेळ थांबवावा, तोंडात खेळणं द्यावं. दुधाचे २८ दात चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के येतात. पक्का सुळा आला तरी दुधाचा तिथेच असेल तर दाखवून घ्यावं.

खाण्याबद्दल थोडकंच. आधी जे खात होतं तेच सुरुवातीला चालू ठेवावं. बदल हळूहळू, सात-दहा दिवसांत. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा. गाईच्या दुधाने अनेकांना जुलाब होतात. पिल्लांसाठीचं संतुलित खाणं देत असाल तर वर कॅल्शियमची पावडर नको. मोठ्या जातींत त्याने हाडांची वाढ बिघडते.

लसीचं कोडं मात्र खरंच अवघड आहे. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लसीलाच निष्प्रभ करते, आणि ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून सहा-आठ आठवड्यांपासून दर २ ते ४ आठवड्यांनी, निदान १६व्या आठवड्यापर्यंत डोस द्यावे लागतात. पण जगाची ओळख करून घेण्याचा काळ ३ ते १४ आठवड्यांचा! सगळ्या लसी होईस्तोवर घरात कोंडलं, तर तो हातचा निघून जातो. बाहेर नेऊच नये असं नाही, अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर ठेवू नये. पार्व्हो या उलट्या-जुलाबांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. कडेवर घेऊन रहदारी, छत्री, दाढीवाला माणूस, काठी, लहान मुलं दाखवावीत. लस झालेल्या निरोगी, शांत कुत्र्याला घरी भेटवावं. यासाठी वहीत आणखी एक रकाना: काय पाहिलं, आणि त्या वेळी खाऊ खाल्ला का. खाऊ नाकारला, ओठ चाटले, शेपूट आत घेतली, तर अंतर फार कमी होतं. दुसऱ्या दिवशी तेच लांबून दाखवावं.

त्याच रकान्यात पंजे, कान, तोंड हाताळल्याच्याही नोंदी येतात. नखं एकदम सगळी कापू नयेत: एका वेळी एकच, तेही फक्त टोक, आणि लगेच खाऊ.