पहिली वेबसाइट मराठीत करा: वाचनालयाचं एक पान

वेबसाइट शिकायला बसलेला नवखा विद्यार्थी बहुतेक वेळा इंग्रजी व्हिडिओ लावतो, त्यातलं कॉफीच्या दुकानाचं पान जसंच्या तसं उतरवतो आणि पान दिसलं की पुढच्या व्हिडिओकडे वळतो. हात चालतो, पण निर्णय एकही घ्यावा लागत नाही. मजकूर तयार, फोटो तयार, रंगही तयार. म्हणून पहिलं पान आपल्या गावातल्या खऱ्या जागेचं आणि मराठीतच करावं, हे माझं ठाम मत आहे. इथे उदाहरण घेतलंय सार्वजनिक वाचनालयाचं. नाव, पत्ता, वेळा, वर्गणी, नवीन पुस्तकं, फोन नंबर, बस्स. मजकूर मराठी असला की इंग्रजी धड्यांत कधीच न येणाऱ्या अडचणी पहिल्याच दिवशी समोर येतात, आणि त्या सोडवताना वेब आतून कसं चालतं ते कळत जातं.

एक सूचना आधीच देतो. खाली टॅग (पानाचे भाग सांगणाऱ्या कोडातल्या खुणा) आणि गुणधर्म (त्या खुणांना जोडलेली माहिती) यांची नावं देवनागरीत लिहिली आहेत, फाइलमध्ये मात्र ती रोमन अक्षरांतच टाइप करायची.

मजकूर आधी

कोडला हात लावण्यापूर्वी पानावर काय काय येणार ते कागदावर लिहून काढा. वाचनालयाचं छापील पत्रक असेलच, पण ते डीटीपीच्या दुकानात श्री-लिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये बसवलेलं असण्याची शक्यता मोठी. तो मजकूर कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकला की रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कारण त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. फाइलच्या लेखी तो मजकूर मराठी नसतोच. युनिकोड या सगळ्या लिप्यांसाठीच्या क्रमांक-पद्धतीत प्रत्येक मराठी चिन्हाला स्वतःचा क्रमांक आहे.

रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण नंतर प्रत्येक ओळ डोळ्यांखालून घालावी लागते. ऱ्हस्व वेलांटी आणि रफार इथे चुका हमखास सापडतात. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. मजकूर दोन पानांचाच असेल तर सरळ नव्याने टाइप केलेला परवडतो.

फाइलच्या सुरुवातीच्या तीन ओळी

पानाचा सांगाडा एचटीएमएल या भाषेत लिहितात. ती लिहायला व्हीएस कोड हा फुकट मिळणारा एडिटर घ्या. नोटपॅडनेही काम होतं, पण तिथे एक सापळा आहे: विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट (एक्स्टेन्शन) लपवतं, त्यामुळे 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' म्हणून ठेवलेली फाइल प्रत्यक्षात 'इंडेक्स डॉट एचटीएमएल डॉट टीएक्सटी' होऊन बसते आणि ब्राउझर पानाऐवजी कोडच दाखवतो.

व्हीएस कोडमध्ये एचटीएमएलच्या रिकाम्या फाइलमध्ये उद्गारचिन्ह टाइप करून टॅब दाबला की पानाचा सांगाडा आपोआप येतो. त्यातल्या तीन ओळी नीट समजून घ्या.

पहिली भाषेची. एचटीएमएल टॅगवर लँग या गुणधर्माची किंमत इंग्रजीची 'ईएन' आलेली असते. ती मराठीची 'एमआर' करा. फोनवर मराठी आवाज बसवलेला असेल तर स्क्रीन रीडर (पान मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्राम) त्यावरून मराठी उच्चार निवडू शकतो. शिवाय काही फाँटमध्ये मराठी आणि हिंदी वळणं वेगळी ठेवलेली असतात. मराठी 'ल' दोन पाकळ्यांचा, हिंदी 'ल' उजवीकडे उभा दांडा असलेला. 'श'चंही तसंच. ज्या फाँटमध्ये ही सोय आहे तो 'एमआर' पाहून मराठी वळण काढतो. दोन अक्षरं बदलली की शाळेत गिरवलेला 'ल' पानावर येतो.

दुसरी ओळ चारसेटची, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली ते सांगणारी: यूटीएफ-८. 'मराठी' या शब्दात डोळ्यांना तीन अक्षरं दिसतात, फाइलमध्ये मात्र पाच चिन्हं असतात: म, र, काना, ठ, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येकाला ३ बाइट लागतात, म्हणजे एकूण १५. ब्राउझरने ते जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचले तर एकेका बाइटचं वेगळं चिन्ह होतं आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हा पुन्हा दिसत राहतो. पानभर तसा ए दिसला की समजावं, मजकूर शाबूत आहे, फक्त वाचण्याची पद्धत चुकली. ही ओळ फाइलच्या पहिल्या १०२४ बाइटच्या आत असावी लागते, म्हणून हेडमध्ये (पानाविषयीची माहिती असलेल्या वरच्या भागात) ती सगळ्यात वर ठेवा.

तिसरी व्ह्यूपोर्टची, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते सांगणारी. ती नसेल तर मोबाइल ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद धरून आक्रसतो आणि अक्षरं मुंगीएवढी दिसतात.

सांगाडा

वाचनालयाचं नाव एच१ (मुख्य मथळा) मध्ये, तेही एकदाच. 'वेळा', 'वर्गणी', 'नवीन पुस्तकं' हे एच२ (उपमथळे). अक्षर मोठं दिसावं म्हणून मथळ्याचा टॅग वापरू नका, आकार सीएसएसने, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांनी ठरतो. वेळा आणि वर्गणी हा खरोखरीचा तक्ता आहे, तिथे टेबल टॅगच हवा. ओळींमध्ये जागा सोडायला बीआर (ओळ तोडणारा) टॅग पाच-पाचदा मारलेला दिसला की समजावं, सीएसएस शिकायचं राहून गेलंय.

फोन नंबरला लिंक करताना एक बारकी गोष्ट सांभाळा. वाचणाऱ्याला आकडे देवनागरीत दाखवा, पण लिंकच्या आतला 'टेल'पुढचा नंबर इंग्रजी अंकांतच (1, 2, 3) आणि अधिक चिन्ह व ९१ या देशाच्या क्रमांकासह हवा. आतही देवनागरी आकडे टाकले तर डायलर ते ओळखेलच असं नाही.

मराठी कीबोर्ड चालू असताना कोड टाइप केला की याच जातीची चूक होते. सीएसएसमध्ये '१८ पिक्सेल' देवनागरी अंकांत गेलं तर ब्राउझर ती ओळ मुकाट्याने सोडून देतो, तक्रारही करत नाही. वर्डमधून आणलेली वळणदार अवतरणचिन्हंही अशीच घात करतात. गुणधर्माभोवती सरळ अवतरणंच लागतात. ओळ बरोबर दिसतेय आणि तरी चालत नाही, अशा वेळी आधी अंक आणि अवतरणं तपासा.

देवनागरीला शोभेल असं रूप

इथे जरा थांबतो, कारण इंग्रजी धड्यांचा सगळ्यात कमी उपयोग इथेच होतो.

फाँटसाठी मुंबईच्या 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता घ्या, किंवा पुस्तकी वळण हवं असेल तर टिरो देवनागरी मराठी. दोन्ही गूगल फाँट्सवर फुकट आहेत. मुक्ताची सात वजनं (बारीक-जाड रूपं) मिळतात, पण ४०० आणि ७०० ही दोनच घ्या. प्रत्येक वजनाची वेगळी फाइल उतरते, आणि जोडाक्षरांमुळे देवनागरीची फाइल रोमनपेक्षा बरीच जड असते.

अक्षर १८ पिक्सेल, ओळींमधलं अंतर म्हणजे लाइन-हाइट १.७. इंग्रजी धड्यांत १.४ किंवा १.५ सांगतात, ते आपल्याला अपुरं पडतं. 'कीर्ती'मध्ये वेलांटी आणि रफार शिरोरेषेच्या वर जातात, साधं 'शत्रू' लिहिलं तरी उकार खाली लोंबतो. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांना भिडले की वाचणारा दमतो.

आता लेटर-स्पेसिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर. तयार टेम्प्लेटमध्ये मथळ्यांना सर्रास २ पिक्सेल अंतर दिलेलं असतं. रोमन मोठ्या अक्षरांना ते शोभतं. तेच 'वाचनालय' या शब्दाला लागलं की शिरोरेषा तुटते: वा, च, ना, ल, य असे पाच तुकडे दोरी तुटलेल्या तोरणासारखे लटकतात. देवनागरीत ही किंमत शून्यच ठेवा. तिरकं अक्षरही टाळा. बहुतेक देवनागरी फाँटमध्ये खरं तिरकं रूप नसतं, ब्राउझर सरळ अक्षरच ढकलून तिरपं करतो. जोर द्यायचा असेल तर ठळक करा किंवा रंग बदला.

रंग एकच निवडा, बाकी काळा, पांढरा, करडा. करडा फार फिका नको. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजळपणाचा फरक किमान ४.५ ला १ असावा, असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. पांढऱ्यावर हॅश ७६७६७६ या रंगक्रमांकाचा करडा त्या मर्यादेत जेमतेम बसतो. डिझायनर मंडळींचा आवडता हॅश ९९९ बसत नाही. वाचनालयात येणाऱ्या आजोबांचा विचार करा, गडदच घ्या.

मोकळ्या जागेसाठी ८ च्या पटीतले आकडे धरा: ८, १६, २४, ३२, ४८. नवख्याचं पान नवख्याचं दिसतं ते रंगांपेक्षा या जागांमुळे, कारण कुठे १३, कुठे २२, कुठे ३५ पडलेले असतात. मथळ्याच्या वर ३२ आणि खाली ८ ठेवा, म्हणजे मथळा आपल्याच परिच्छेदाला चिकटून राहतो. दोन्हीकडे सारखं अंतर ठेवलं तर तो अधांतरी वाटतो.

पुस्तकांचे तीन चौकोन शेजारी शेजारी मांडताना एक गणित सगळ्यांनाच नडतं. जागा ९६० पिक्सेल, प्रत्येक चौकोन ३०० चा, म्हणजे ९००. बसायला हवेत. तरी तिसरा खाली उतरतो. कारण ब्राउझर ३०० ही फक्त मजकुराची रुंदी धरतो. आतली जागा दोन्ही बाजूंना २० म्हणजे ४०, कडा दोन्ही बाजूंना १ म्हणजे २, चौकोन झाला ३४२ चा आणि तीन मिळून १०२६. फाइलच्या सुरुवातीलाच सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स लावलं की ३०० म्हणजे कडेसकट ३००.

आधी ३६० पिक्सेल रुंदीसाठी सगळं एकाखाली एक मांडा, नंतर मोठ्या पडद्यासाठी मीडिया क्वेरी (पडद्याच्या रुंदीनुसार लागू होणारे नियम) लिहा. एफ१२ दाबून उघडणाऱ्या खिडकीत कंट्रोल-शिफ्ट-एमने फोनच्या आकारात पान पाहता येतं. सीएसएस एकाएकी चालेनासं झालं तर शेवटच्या चालणाऱ्या नियमाचा बंद महिरपी कंस बघा. तो सुटला की त्याच्या खालचं सगळं बिघडू शकतं.

थोडं जावास्क्रिप्ट

पहिल्या पानावर जावास्क्रिप्टला (पानाकडून हिशेबासारखी कामं करून घेणाऱ्या भाषेला) एकच काम द्या: उशिरा परत केलेल्या पुस्तकाचा दंड. दिवस टाकले की रोज १ रुपयाने रक्कम दिसावी. मजकुराच्या साध्या चौकटीत वाचक फोनवरून '५' टाइप करेल, आणि उत्तर येईल 'नॅन', म्हणजे हा आकडाच नाही. जावास्क्रिप्टचं नंबर हे फंक्शन देवनागरी अंक ओळखत नाही. उपाय सोपा आहे. देवनागरी शून्याचा युनिकोड क्रमांक २४०६, नवाचा २४१५. प्रत्येक अंकाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की खरा आकडा हाती येतो. उत्तर दाखवताना टू-लोकेल-स्ट्रिंगला 'एमआर-आयएन' दिलं की आकडे पुन्हा देवनागरीत येतात आणि स्वल्पविरामही हजार-लाखांच्या आपल्या पद्धतीने पडतात.

लेखकांच्या आडनावांची यादी लावतानाही असंच. नुसत्या सॉर्टने 'क्षीरसागर' हे आडनाव 'क' मध्ये जातं, कारण संगणकाच्या लेखी क्ष म्हणजे क, हलन्त आणि ष. लोकेल-कम्पेअरला 'एमआर' सांगितलं की ते वर्णमालेप्रमाणे 'ह' नंतर जातं.

पान लोकांपर्यंत

फोनमधला फोटो थेट चढवू नका. ४००० पिक्सेलचा फोटो काही एमबींचा असतो. तो १२०० पिक्सेल रुंद करून जेपेग किंवा वेबपी स्वरूपात ७५-८० दर्जाने साठवला की सहसा दोन-तीनशे केबीत बसतो. इमेज टॅगवर रुंदी-उंची लिहा, नाहीतर फोटो उतरताना खालचा मजकूर उडी मारतो.

गिटहब या कोड ठेवण्याच्या वेबसाइटवर सार्वजनिक रेपॉझिटरी (फाइलींचा संग्रह) काढा, फाइल चढवा, सेटिंग्जमधल्या पेजेसमध्ये मेन ही शाखा निवडा. काही मिनिटांत पत्ता मिळतो, पैसे लागत नाहीत. रेपॉझिटरी सगळ्यांना दिसते, त्यामुळे सभासदांची नावं-नंबर असलेली फाइल चुकूनही त्यात जाऊ देऊ नका.

घरी दिसणारा फोटो इथे गायब झाला तर फाइलचं नाव पाहा. कॅमेऱ्याने शेपूट मोठ्या अक्षरांत 'जेपीजी' दिलेलं असतं आणि कोडमध्ये ते छोट्या अक्षरांत लिहिलेलं असतं. विंडोजला दोन्ही सारखीच, गिटहबच्या सर्व्हरला वेगळी. म्हणून सगळी नावं छोट्या रोमन अक्षरांत ठेवा आणि मोकळ्या जागेऐवजी आडवी रेघ वापरा. बदल करूनही जुनंच पान दिसत असेल तर कंट्रोल-शिफ्ट-आर दाबा.

मग पत्ता ग्रंथपालांना पाठवा. त्यांच्या स्वतःच्या फोनवर, वायफाय बंद करून पान उघडायला सांगा आणि शेजारी गप्प बसून बघा: अंगठा कुठे थांबतो, वेळ शोधायला किती खाली जावं लागतं, अक्षर मोठं करायला बोटं ताणली जातात का. शेवटी त्यांना फोन नंबरवर बोट ठेवायला सांगा. टेबलावरचा वाचनालयाचा फोन वाजायला हवा.