सुटत नाही आणि धरतही नाही

क्लचच्या तक्रारी दोनच. एकतर तो पूर्ण सुटत नाही, मग पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो आणि उभ्या गाडीला न्यूट्रल सापडत नाही. नाहीतर तो नीट धरत नाही, मग इंजिन बोंबलतं आणि गाडी जागची हलायला तयार नसते. साधारणपणे गिऱ्हाईक यातली एकच तक्रार घेऊन येतं. कोरेगावकडचे एक आबा आपली 1974 सालची साडेतीनशे बुलेट घेऊन माझ्या साताऱ्यात गोडोलीतल्या गॅरेजात आले, ते दोन्ही घेऊन.

"मिस्त्री, पोवई नाक्यावर सुटत न्हाय आन् यवतेश्वराच्या घाटात धरत न्हाय. दोन येळा प्लेटा टाकल्या. हिला झालंय तरी काय?"

श्रावणी सोमवारी यवतेश्वराला जाताना अर्ध्या घाटात गाडीनं मान टाकली होती. पुतण्या मागं बसलेला, त्याला उतरवून उरलेला चढ कसाबसा काढला म्हणे. आधीच्या मेकॅनिकनं प्लेटा बदलल्या, स्प्रिंगा बदलल्या, ऑइलही बदललं. बिल दाखवलं त्यात कामं सगळी खरी होती. नुसते पैसे उकळले असं म्हणायला जागा नव्हती.

ही मद्रासची जुनी फोर स्पीड गाडी. गिअर उजव्या पायाला, एक वर तीन खाली, मागचा ब्रेक डाव्या पायाला. इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा, दोघांच्या मधे डावीकडं प्रायमरी चेन आणि क्लच. क्लच दाबायचा रॉड मात्र उजवीकडून, गिअरबॉक्सच्या पोकळ मेन शाफ्टमधून आरपार जातो. हँडलवरचं लिव्हर दाबलं की केबल ओढली जाते, केबल गिअरबॉक्सवरचा छोटा लिव्हर फिरवते, लिव्हर रॉडला ढकलतो आणि रॉड पलीकडची प्रेशर प्लेट उचलतो, मग स्प्रिंगांनी एकमेकींवर दाबून धरलेल्या प्लेटा सुटतात.

पाना हातात घ्यायच्या आधी मी किक मारून बघतो. या गाडीची किक क्लचमधूनच इंजिनाला फिरवते. क्लच दाबून किक मारली तर पाय मोकळा खाली गेला पाहिजे. आबांच्या गाडीत क्लच दाबूनही इंजिन थोडं थोडं फिरत होतं, म्हणजे सुटत नाही हे खरं. मग क्लच सोडून कॉम्प्रेशनवर दणकून किक मारली, तर पाय भसकन घसरला. म्हणजे धरत नाही हेही खरं. आबा खोटं बोलत नव्हते.

प्रायमरीचं झाकण एका मोठ्या नटावर असतं. फूटरेस्ट आणि ब्रेकचं पायडल काढून ते उघडलं. पहिला संशय ऑइलवर होता. क्लच ऑइलमध्येच बुडलेला असतो, आणि कारचं निसरडं ऑइल भरलं तर नव्या प्लेटाही घसरतात. बाटलीवर जासो एमए, म्हणजे ऑइलात बुडालेल्या क्लचला चालणारं, असं लिहिलेलं बघून घ्यावं ते यासाठीच. पण ऑइल बरोबर होतं, फक्त त्याला जळका वास येत होता. चेन मधोमध पाव इंच हलत होती, तीही ठीक. प्लेटा काळ्या पडलेल्या, स्टीलच्या दोन प्लेटांवर निळे डाग. नव्या प्लेटा इतक्या लवकर जळतात तेव्हा त्या सतत अर्धवट सुटलेल्या असतात.

पुश रॉड ओढून काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. टोक निळंजांभळं झालं होतं, कडा फुगून बाहेर आल्या होत्या. गाडी चालू असताना या रॉडला जराशी ढील हवी. ती नसली तर तो कायम रेटलेला राहतो, घासतो, तापतो आणि टोकाचं पाणी उतरतं, म्हणजे पोलाद मऊ पडतं. गिअरबॉक्सवरची झाकणपट्टी काढून बघितलं, तर ॲडजस्टिंग स्क्रू पार आत नेऊन आवळलेला. ढील शून्य. घाटात क्लच का घसरतो याचं उत्तर मिळालं.

पण आधीच्या त्या शहाण्या मेकॅनिकनं ढील काढलीच कशाला? कारण त्याचा क्लच सुटत नव्हता, म्हणून तो स्क्रू आत नेत गेला. मुळात तो सुटत का नव्हता?

क्लचच्या ड्रमच्या खाचांत प्लेटांच्या दातांनी घरं केली होती, ती कानशीनं सपाट केली. त्यानं थोडा फरक पडतो, एवढा नाही. चहा पिता पिता आबा सहज म्हणाले, "एक मात्र झ्याक झालंय बगा. आदी मूठ दुखायची, आता क्लच कसा लोण्यासारखा हलका लागतोय."

स्प्रिंगा नव्या, कडक. आणि क्लच हलका? मी कप खाली ठेवला. हँडलवर चकचकीत क्रोमची लिव्हरची जोडी होती. पुतण्यानं हौसेनं बसवलेली, दिसायला फक्कड. त्यातलं क्लचचं लिव्हर काढून व्हर्निअर लावला. खिळीच्या मध्यापासून केबलीच्या निपलच्या मध्यापर्यंत 22 मिलिमीटर. आबांच्या घरून जुनं लिव्हर मागवलं, ते 27 भरलं. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या लिव्हरना ही दोन मापं पहिल्यापासून आहेत, 7/8 इंच आणि 1 1/16 इंच. दोन्ही लिव्हर बाहेरून सारखीच दिसतात, दोन्ही बसतात. पण मूठ तेवढीच वळली तरी केबल त्या अंतराच्या हिशोबानं ओढली जाते. इथं ओढ 18 टक्क्यांनी कमी झाली होती. जोर कमी लागत होता, कारण काम कमी होत होतं. प्रेशर प्लेट पुरती उचललीच जात नव्हती. ती उचलावी म्हणून ढील काढली, ढील गेली म्हणून प्लेटा जळल्या, आणि प्लेटा बदलून यातलं काहीच मिटणार नव्हतं.

जुनं लिव्हर, नवा रॉड, नव्या प्लेटा टाकल्या. केबल आधी पूर्ण सैल केली, स्क्रू रॉडला टेकवून थोडा मागे घेतला, नट आवळला, आणि शेवटी हँडलपाशी दोन-तीन मिलिमीटर ढील ठेवली. बरेच जण हे उलट्या क्रमानं करतात, मग गिअरबॉक्सवरचा लिव्हर वाकड्या कोनात बसतो. प्रेशर प्लेट आता चहूबाजूंनी सारखी उचलत होती. किक मोकळी, न्यूट्रल बोटानं पडतंय. संध्याकाळी आबांना मागं बसवून समर्थ मंदिरावरून यवतेश्वरपर्यंत गेलो. चढावर टॉपला थ्रॉटल पिळला, इंजिन आणि गाडी दोन्ही बरोबर चालली.

परत आल्यावर आबा उजव्या बाजूच्या क्रोमच्या लिव्हरकडं बोट दाखवून म्हणाले, "हे तरी ऱ्हाऊ द्या. पोरगं रुसंल."

मी ते दाबून बघितलं. पार मुठीला टेकलं. मापलं, 22.

"आबा, उतारावर पुढचा ब्रेक लागतो का?"

"तो कुठं लागतोय! मी मागच्यावरच येतो."

ब्रेकचंही गणित तेच असल्याचं सांगितलं. आबांनी खिशातून फोन काढला. "थांबा. आदी पुतण्याला बलावतो. त्याच्या देखत काढा."