सेंट ब्रिजिडचा क्रॉस: मधला चौकोन अखेर हलायचा थांबला

सेंट ब्रिजिड ही आयर्लंडची संत. तिचा सण १ फेब्रुवारीला, आणि आदल्या संध्याकाळी काड्यांचा क्रॉस विणून दारावर टांगायचा रिवाज आहे. या क्रॉसवरची आमची मागची नोंद अडकली होती ती मधल्या चौकोनापाशी. विणताना क्रॉस घट्ट, पण दारावर टांगला की आठवडाभरात ढिला पडायचा, क्रॉसचे हात (बाजूंना निघणारे काड्यांचे जुडगे) खाली लोंबायला लागायचे आणि चौकोनाचा पतंग व्हायचा. यंदाचे क्रॉस ३१ जानेवारीच्या संध्याकाळी विणले, ४ ते ७ वर्षांच्या मुलांच्या हातांनी. काड्या पार पिवळ्या पडल्या तरी चौकोन जागचा हललेला नाही.

ढिलेपणाचं मूळ काडीत आहे. आयर्लंडच्या पाणथळ कुरणांत जिकडेतिकडे दिसणारी सॉफ्ट रशची काडी, आपल्या लव्हाळ्यासारखी, ताजी असताना पाण्याने टच्च भरलेली असते. आतलं पांढरं भेंड सुकलं की तिचा घेर आकसतो. या क्रॉसला मध्ये ना गाठ, ना डिंक. एक दुमड दुसरीला दाबून धरते, एवढ्यावरच सगळं उभं. घेर कमी झाला की दाब जातो. म्हणून टोकं कितीही करकचून बांधली तरी उपयोग होत नाही, दुखणं मध्यात असतं.

इलाज असा: काड्या आठ-दहा दिवस आधी आणायच्या, घरात सावलीत मोकळ्या पसरून सुकू द्यायच्या. आकसायचं तेवढं विणण्याआधीच आकसून जातं. वापरायच्या आदल्या दिवशी काही मिनिटं कोमट पाण्यात बुडवून ओल्या टॉवेलमध्ये रात्रभर गुंडाळून ठेवायच्या. टॉवेल ओलसर हवा, गळता नको, नाहीतर काडी पुन्हा फुगते आणि केलेलं पाण्यात जातं. दुमडण्याआधी मधला बोटभर भाग चमच्याच्या पाठीने चेपला तर काडी तडकत नाही. हस्तकलेच्या दुकानातली सुक्या काड्यांची पुडी आमच्या मते पैसे वाया घालवणं आहे. भिजवूनही निम्म्या काड्या दुमडीवर मोडतात.

दुसरा दोष जाडीचा. काडी बुडाशी जाड, शेंड्याला बारीक. अख्खी काडी मधोमध दुमडली की एक पदर जाड, एक बारीक, आणि चौकोन एका बाजूला कलतो. शेंडा सरळ काढून टाकायचा, मधला एकसारखा भाग घ्यायचा. लहान हातांना ३० सेंटिमीटर पुरे. सुरुवातीची एक उभी आणि प्रत्येक हाताला ४, अशा १७ काड्या. मोठ्यांच्या क्रॉसला हाताला ७ शोभतात, पण पाच वर्षांच्या मुलाच्या चिमटीत तेवढा गठ्ठा मावत नाही.

तिसरा दोष फिरवण्यातला. नवी काडी वरच्या सगळ्या काड्यांना कवेत घेऊन उजवीकडे, मग अख्खा क्रॉस डावीकडे पाव फेरी. मुलं मध्येच उलटं फिरवतात आणि तिथेच वीण उघडते. यावर क्रॉसखाली ठेवलेली जाड पुठ्ठ्याची चकती फार कामाची ठरली: एका कडेला लाल टिकली, चकतीखालच्या कागदावर डावीकडे वळणारा बाण. नवी काडी बसली की मध्यावर लाकडी चिमटा लावायचा, मगच चकती फिरवायची. प्लॅस्टिकचे चिमटे ओल्या काडीवरून घसरतात. टोकांना आधी रबरबँड, क्रॉस पूर्ण सुकल्यावर सुतळी, मग कात्री. लोकर दिसते छान, पण सैल पडते.

एक सावधगिरी: कुरण मेंढ्यांचं असेल तर काड्या धुऊन घ्या आणि मुलांना तोंडात घालू देऊ नका. यकृतातल्या चपट्या कृमीचा प्रसार करणाऱ्या गोगलगायी असल्याच ओल्या जागी असतात.

आता रिवाजाचा प्रश्न. रिवाजाने काड्या त्याच संध्याकाळी उपटून आणायच्या. कोणीतरी ब्रिजिड होऊन मोळी घेऊन दारात उभं राहायचं, आतल्यांनी तिला या म्हणायचं, जेवणानंतर विणायला बसायचं. मुलांना यातलं दार ठोठावणंच सर्वांत प्रिय. आधी बेत होता की मोळी ताज्या काड्यांची आणायची आणि विणायच्या काड्या वेगळ्या ठेवायच्या. पण टॉवेलमधलीच मोळी बाहेर नेऊन दारातून आत आणली तर? रिवाज राहतो, चौकोनही राहतो. पुढच्या वर्षी हेच. आयर्लंडमध्ये या सणाची सुट्टी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी असते (१ तारीख शुक्रवारी आली तर त्या शुक्रवारी). २०२७ मध्ये सोमवारच १ तारखेचा, म्हणजे मोळी रविवारी संध्याकाळी आत येईल.

लोण्याचं मात्र झकास जमलं. ब्रिजिड दूधदुभत्याची संत, म्हणून २५० मिली क्रीम अर्धा लिटरच्या बरणीत घालून मुलांकडून हलवून घेतलं. क्रीम थेट फ्रीजमधून काढलं तर हात दुखेपर्यंत काही होत नाही. तासभर बाहेर ठेवा. आधी ते घट्ट होऊन आवाज बंद होतो आणि मुलं थांबतात. तिथेच थांबायचं नाही. थोड्या वेळात गोळा सुटून बरणीला धपधप आपटतो. खाली उरणारं ताक गोडं असतं, सोडा ब्रेडला (यीस्टऐवजी खायच्या सोड्याने फुगणाऱ्या पावाला) चालत नाही. २२५ ग्रॅम मैद्याला अर्धा चमचा सोडा घेत असाल तर १८० मिली दुधात लिंबू पिळून दहा मिनिटं ठेवा, मगच ओता. आंबटपणा नसेल तर सोडा उठत नाही आणि ब्रेडला साबणासारखी चव येते.

हे लिहिता लिहिताच तीन हातांच्या क्रॉसचा विचार डोक्यात आला. आयरिश दूरचित्रवाणीने १९६१ पासून अनेक वर्षं चार हातांचाच चिन्ह म्हणून वापरला, त्यामुळे सगळे त्याच्याच मागे. पण तीन हातांचाही जुनाच, गोठ्यात लावायचा. काउंटी मेयोमध्ये टरलो पार्कच्या राष्ट्रीय संग्रहालयात क्रॉसचे कितीतरी प्रकार पाहायला मिळतात. तीन हातांना काड्या कमी, फेऱ्या कमी, चार वर्षांच्या मुलांना हाच सोपा जावा. चकतीवर एका टिकलीऐवजी १२० अंशांवर तीन टिकल्या लागतील: लाल, पिवळी, निळी. आधी पाइप क्लीनरवर (हस्तकलेच्या मऊ केसाळ तारांवर) करून पाहू. ते आकसत नाहीत, त्यामुळे चूक निघाली तर ती फिरवण्यातली हे लगेच कळेल.