ट्रंपेट, महिना चौथा: खालचा रे चढा का लागतो

या महिन्यात रियाज कमी आणि उचापती जास्त झाल्या, तरी अपडेट टाकतोय कारण एक कोडं सुटलं.

झालं असं की आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू स्वतः पेटी वाजवतात, कान एकदम तयार. मी गच्चीत वाजवून खाली उतरत होतो तर जिन्यातच गाठलं, "अरे तुझा वरचा रे बरोबर येतो, खालचाच दरवेळी चढा का लागतो?" (चढा म्हणजे हवा त्यापेक्षा जरा उंच.) मी म्हटलं काकू ओठ अजून कच्चे आहेत. काकू म्हणाल्या, कच्चा माणूस कधी चढेल कधी उतरेल, तू रोज तेवढाच चढतोस. पॉइंट होता.

पेटीवाल्यांसाठी सांगतो, बी फ्लॅट ट्रंपेटचा सा म्हणजे आपली काळी पाच. एकही वॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) न दाबता नुसत्या ओठांनी निघतात ते सूर म्हणजे सा, प, वरचा सा, ग, प, मग एक जरा उतरलेला कोमल नी आणि त्याच्यावरचा सा. मधे रे नाही, म नाही, काही नाही. तुतारीला तर वॉल्व्हच नसतात, म्हणून तिचं सगळं या शिडीच्या दोनचार पायऱ्यांवरच भागतं.

आणि ही शिडी येते कुठून तर नळीतून. मी पहिला महिनाभर नुसती फुंकर मारत होतो, फुसफुस यायची बास. आवाज फुंकरीचा नसतोच, ओठ थरथरतात त्याचा असतो, खालच्या सा ला सेकंदाला साधारण २३३ वेळा उघडमीट. ती लाट नळीतून पुढच्या कर्ण्यापर्यंत जाते, थोडी बाहेर पडते, बरीचशी मागे फिरते आणि परत येऊन ओठांना धक्का देते, आणि ओठांची लय त्या परतीच्या लाटेशी जुळली तरच सूर धरला जातो. म्हणून दोन पायऱ्यांच्या मधला सूर धरायला गेलं की आवाज घसरतो नाहीतर पुढच्या पायरीवर उडी मारतो.

हे खरं आहे का बघायला बोहरी आळीतून अर्धा इंची प्लास्टिक पाइप आणला, दीड मीटर कापला, ट्रंपेटचा माउथपीस (ओठ लावायचा तुकडा) खुपसला. घरच्यांनी बघून न बघितल्यासारखं केलं. मजा म्हणजे त्यात सा नंतर प येतच नाही, उडी जवळजवळ धैवतावर जाते! कारण एका बाजूने ओठांनी बंद असलेल्या सरळ नळीत मूळ सुराच्या १, ३, ५, ७ पट असेच सूर बसतात, आणि ३ ला सा धरला तर पुढची पायरी थेट ५. दुसऱ्या टोकाला स्वयंपाकघरातलं नरसाळं लावलं, आवाज मोठा झाला पण सूर काही सुधारले नाहीत. खऱ्या ट्रंपेटचा कर्णा हळूहळू, लांबवर रुंदावत जातो, खालच्या सुरांची लाट त्यात अलीकडूनच मागे फिरते, म्हणजे त्यांच्यापुरती नळी आखूड होते आणि ते सूर वर सरकतात. माउथपीस वरच्या सुरांना थोडं खाली खेचतो. दोघांच्या ओढाताणीत शिडी सा-प-सा-ग अशी बसते. मला वाटायचं कर्णा फक्त आवाज मोठा करायला.

आता काकूंचा रे. दुसरा वॉल्व्ह अर्धा सूर (पेटीची एक पट्टी) उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड, प्रत्येक जण नळीला एक जादा तुकडा जोडतो एवढंच. माझी नळी १४८ सेंमी धरली तर एक सूर उतरवायला १८ सेंमी लागतात आणि दीडला २८. खालचा रे प वरून अडीच सूर उतरून मिळतो, म्हणजे पहिला + तिसरा, ४६ सेंमी. पण अडीच सुरांना प्रत्यक्षात लागतात साडेएकोणपन्नास! कारण पहिल्या वॉल्व्हने नळी आधीच लांबली, त्या लांब नळीला तिसऱ्याचा तुकडा अपुरा पडतो. साडेतीन सेंमी तूट, म्हणून रे चढा. वरच्या रे ला पहिला एकटाच पुरतो, तिथे भानगडच नाही.

उपाय म्हणून तिसऱ्या वॉल्व्हच्या स्लाइडला (आतबाहेर सरकणारी नळी) डाव्या हातासाठी कडी असते, ती सरकवायची. माझी जाम. दोन दिवस तेल सोडून ठेवलं, मग जुना पंचा नळीच्या वाकातून ओवून हिसका दिला, निघाली एकदाची. त्याच उत्साहात वॉल्व्हपण धुतले आणि परत बसवल्यावर हवाच जाईना, गाल फुगून लाल, वाटलं मोडला आपल्या हातून. तासाभराने दिसलं की पिस्टनवर (वॉल्व्हच्या आतला दट्ट्या) बारीक १, २, ३ कोरलेलं असतं आणि मी १ आणि ३ उलटे घातलेत, भोकं जुळणार कशी. तुम्ही खोलाल तेव्हा एकेकच खोला.

स्लाइड पावणेदोन सेंमी बाहेर काढली (दोन पाय असतात तिला, म्हणून नळी दुप्पट वाढते), तानपुरा ॲप काळी पाचवर लावलं आणि रे बसला. काकूंना खाली जाऊन वाजवून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाल्या, "हं. आता कोमल रे." त्याला तिन्ही वॉल्व्ह लागतात, तिथे तूट साडेसहा सेंमीच्या आसपास आहे. स्लाइड तेवढी बाहेर काढून परत आणेपर्यंत पुढचा सूर निघून जातो, बोटं अजून तेवढी पळत नाहीत.