आमची वाटचाल : लंबकापासून क्वार्ट्झपर्यंत

आमच्या घड्याळ-दुरुस्तीच्या फर्मचा पाया वडिलांनी लंबकाच्या घड्याळांवर घातला. दुरुस्त केलेलं घड्याळ भिंतीवर लावलं की ते डोळे मिटून ऐकत उभे राहायचे. ‘टिक’ आणि ‘टॉक’ यांच्यामधलं अंतर अगदी सारखं हवं. नसेल, तर लंबकाला ढकलणारी तार केसभर वाकवायची आणि पुन्हा ऐकायचं. ठोका लंगडत असेल तर घड्याळ आज चालेल, चार दिवसांनी बंद पडेल, हे ते प्रत्येक नव्या कारागिराला बजावत.

डच शास्त्रज्ञ क्रिस्टियान हायगेन्स यांनी १६५६ साली घड्याळाला लंबक जोडला. त्याआधी घड्याळ दिवसाला पाव ताससुद्धा चुकायचं, नंतर ही चूक सेकंदांवर आली. पण लंबक खिशात किंवा मनगटावर चालत नाही. त्यासाठी हायगेन्स यांनीच १६७५ मध्ये बॅलन्स चाकाला, म्हणजे मागेपुढे डोलणाऱ्या छोट्या चाकाला, केसासारखी बारीक सर्पिल हेअरस्प्रिंग दिली. या बारीकशा स्प्रिंगवर आमचं घर कित्येक वर्षं चाललं.

मनगटी घड्याळांची सर्व्हिसिंग मी वडिलांच्या शेजारी बसून शिकलो. मशीन खोलण्याआधी मुख्य स्प्रिंगचा ताण हळूहळू सोडायचा, नाहीतर चाकं सुसाट फिरून दाते जातात. मग सगळे भाग धुवायचे, वाळवायचे आणि चाकांचे आस ज्यात फिरतात त्या माणकाच्या खळग्यात सुईच्या टोकाएवढं तेल द्यायचं. तेल जास्त झालं तर ते पसरतं आणि नेमक्या जागी उरत नाही. माझ्या मते सर्व्हिसिंगची खरी परीक्षा या थेंबातच असते.

जपानच्या सेइको कंपनीचं ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर कंप पावणाऱ्या स्फटिकाने वेळ मोजणारं, मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी विक्रीला आलं. ती लाट आमच्यापर्यंत पोचायला वेळ लागला, पण आली तेव्हा चावीच्या घड्याळांचं काम झपाट्याने आटलं. चांगले कारागीर दुसऱ्या धंद्यांत गेले. त्याचं दुःख आजही आहे.

तेव्हा मी वीज मोजायचा मीटर घेऊन क्वार्ट्झ शिकायला बसलो. आतला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. सर्किट हा आकडा १५ वेळा निम्मा करतं आणि बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. हे उमगलं आणि माझी भीती गेली. लंबक असो, हेअरस्प्रिंग असो की स्फटिक, काहीतरी एकसारख्या गतीने हलतं आणि घड्याळ ते मोजतं. म्हणजे काम आमचंच होतं. नुसता सेल बदलून आम्ही घड्याळ परत देत नाही. गळलेल्या सेलने संपर्कपट्ट्या गंजल्यात का, कॉइल शाबूत आहे का, चाकांमधलं तेल सुकलंय का, सगळं तपासतो.

आता आजोबांचं घड्याळ घेऊन नातवंडं येतात. अशा बऱ्याच घड्याळांचे सुटे भाग आज बनत नाहीत, म्हणून आम्ही छोटा लेथ बसवला आणि बॅलन्सचे आस स्वतः कातायला लागलो. हे काम वेळखाऊ आहे, पण आमच्या नव्या मुलांचे हात त्यावर बसू लागलेत.